हरितलवकाच्या पोटातले सात टाके

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. मला उशी म्हणू नका. मी फुगीर आहे, हिरवा आहे, लांबट गोल आहे आणि माझ्या एका कुशीला चेन आहे, हे सगळं कबूल. तरी मी उशी नाही. मी हरितलवकाचा नमुना आहे. कापडी आहे आणि आता बराच जुना झालो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात, मोडक्या तराजूच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

हरितलवक म्हणजे काय, हे तुम्हाला पाठ असेलच. पाठ असतं पण ठाऊक नसतं, हा या कपाटात राहून मला आलेला अनुभव आहे, म्हणून पुन्हा सांगतो. झाडाच्या हिरव्या पानात बारीक बारीक पेशी असतात आणि त्या पेशींत माझे खरेखुरे भाऊबंद राहतात. ते ऊन पकडतात, पाणी फोडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि झाडासाठी साखर करतात. वर तुम्हाला प्राणवायू फुकट. प्रयोगशाळेच्या खिडकीत एक कुंडी आहे. तिच्या एकेका पानात माझे लाखो भाऊबंद ऊन आलं की कामाला लागतात आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. मी काडीचं काम करत नाही आणि बघा किती बोलतो! असो, ज्याचा त्याचा स्वभाव.

माझा जन्म एका शिवणाच्या दुकानात झाला. दुकान एवढंसं होतं, की माप देताना गिऱ्हाईकाने हात पसरले तर एक हात रस्त्यावर जायचा. मालक, कारागीर आणि झाडू मारणारा, तिन्ही माणसं एकच. त्यांना सगळे मास्टर म्हणत. मास्टरांच्या गळ्यात टेप, कानावर खडू आणि ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे त्यांचं बोलणं मोजकं होतं. पण जे बोलत ते टोचायचं.

मास्टरांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिला मी ताई म्हणतो. आम्ही दोघंही मास्टरांच्या हाताखालून गेलो, ती आधी आणि मी नंतर, म्हणजे नातं सरळ आहे. ताईची नोकरी हंगामी होती. कायम व्हायचं तर तपासणीचे साहेब येणार, मागच्या बाकावर बसून तिचा एक तास बघणार आणि मग शेरा लिहिणार, असा नियम होता. साहेब एकदा येऊन गेलेही होते. त्यांना बघून ताईची बोबडीच वळली. हातातला खडू दोनदा पडला आणि शेवटी तिने पुस्तक उघडून अख्खा धडा वाचून दाखवला. शेवटचे स्वाध्यायसुद्धा सोडले नाहीत. साहेबांनी शेरा मारला, ‘बाई पुस्तक वाचतात.’

आता दुसरी आणि शेवटची संधी गुरुवारी होती. धडा प्रकाशसंश्लेषणाचा. या वेळी फसलं तर शाळा सुटली आणि ताई पुन्हा दुकानात येऊन तुरपाई करत बसली. तुरपाई तिला येत नव्हती अशातला भाग नाही. लहानपणापासून तिच्या हातात सुई होती. पण तिला त्याची लाज वाटायची. आपले वडील कपडे शिवतात, हे शाळेत तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. हीच ताई दुकानात तुरपाईला बसली की अशी बोलायची, की गिऱ्हाईक कपडे घेऊन झाल्यावरही उभंच. बसमधलं भांडण असो, शेजारणीची मांजर असो, नाहीतर झाडाच्या शेंड्याला पाणी कसं पोचतं ते असो, सगळं एका दमात आणि हसवत हसवत. हात चालू झाले की जीभ मोकळी. हात रिकामे झाले की मुकी! मास्टर म्हणायचे, “हिचं तोंड सुईला बांधलंय.” पण ते शाळेत जाऊन साहेबांना कोण सांगणार?

सोमवारी संध्याकाळी ताई पुस्तक घेऊन दुकानात आली. चेहरा एवढासा झालेला.

“बाबा, हरितलवकाचा एखादा नमुना असता ना हातात, तर मी बोलले असते काहीतरी. शाळेत नाही. विकत मिळतो, पण बाहेरून मागवावा लागतो. आठवडा जातो.”

“मी शिवतो,” मास्टर म्हणाले.

“तुम्ही? अहो बाबा, तो झाडाच्या पानात असतो.”

“असू दे की. कापूस काय घागरीत पिकतो? तोही झाडालाच येतो. दाखव चित्र.”

मास्टरांनी ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या. लग्नाचा कोट शिवायला आला तरच ते टाचण्या काढत. ताई जरा बिचकलीच.

“बाहेरून दोन आवरणं असतात,” तिने सांगितलं. “वरचं जरा ढिलं. बारीकसारीक काहीही आत येऊ देतं. आतलं मात्र चोखंदळ. कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेर, ते तेच ठरवतं.”

“म्हणजे वर कापड आणि आत अस्तर. अस्तर चांगलंच लागतं गं. लोक वरच्या कापडावर भाळतात. पुढे?”

“आत या चकत्या. नाण्यांच्या चवडी रचल्यासारख्या दिसतात बघा. यांना थायलाकॉइड म्हणतात. चकतीभोवती पातळ पडदा असतो. पुस्तकात त्याला पटल म्हटलंय. त्या पटलात हरितद्रव्य बसवलेलं असतं आणि ते ऊन पकडतं. खरं काम इथेच चालतं.”

“हरितद्रव्याच्या जागी हिरव्या टिकल्या लावू. पण वरून लावू, चमकतील तरी.”

“वरून नाही हो! चकत्यांवरच लावायच्या. ते तिथेच असतं.”

“एवढा माल लावायचा आणि आत झाकून ठेवायचा?” मास्टरांना हे मुळीच पटलं नाही. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. त्यांनी मान हलवली.

“आणि चकत्यांच्या आत मणी भरता आले पाहिजेत,” ताई म्हणाली. “ऊन पकडलं ना, की त्या जोरावर प्रोटॉन नावाचे कण पडद्यातून आत कोंबले जातात. आत दाटी झाली की ते बाहेर पडायला बघतात. पण जायला दार एकाच प्रकारचं, आणि त्या दारात फिरकी बसवलेली. कण बाहेर पडताना फिरकी फिरवतात. त्या फिरण्यातून जी ताकद साठते, ती साखर करायला लागते.”

“खेळ सुटल्यावर थेटराच्या दारात रेटारेटी होते, तसं.”

“अगदी तस्संच!”

“करतो. दाराला काज करू आणि काजावर रिकामी बॉबिन बसवू. बॉबिनला बक्रमची, म्हणजे कॉलरीत घालतात त्या ताठ कापडाची, पाती लावली की फिरेल गरगर. आता माप सांग.”

“कसलं माप?”

“चकतीचं. घेर किती? चवडीची उंची किती? दोन चवडींत अंतर किती सोडायचं?”

“बाबा, अख्खी हरितलवकं सुईच्या टोकावर शेकड्यांनी मावतील. त्यांच्या चकत्यांचं कसलं माप?”

“मग सुईच्या टोकाचं सांग. त्यावरून काढतो.”

ताईने पुस्तक पुढून पाहिलं, मागून पाहिलं. चित्राला माप म्हणून नव्हतं. मास्टरांनी हातातली कात्री शांतपणे खाली ठेवली.

“माप नाही, तर कात्री नाही.”

हे त्यांचं ठरलेलं होतं आणि त्याला कारण होतं. तरुणपणी मास्टरांनी एका नवरदेवाचा कोट नुसत्या नजरेने बेतला होता. तो नवरदेवाला बसला नाही. नवरदेवाच्या भावाला नाही, वडिलांना नाही. शेवटी शेतातल्या बुजगावण्याला घातला, तर तिथेही खांद्यात घट्ट! त्या दिवसापासून मास्टरांनी मापाशिवाय कापडाला कात्री लावली नाही. पुढे एकदा रुमाल शिवून हवा होता, तर त्यांनी माणसाच्या नाकाला टेप लावली होती, असं लोक सांगतात. मी तेव्हा नव्हतो, पण मला ते खरं वाटतं.

तर माझ्यासाठीही कात्री निघालीच नाही. कोपऱ्यात हिरव्या सॅटिनची एक लांबलचक पट्टी पडून होती. मास्टरांनी ती आहे तशी घेतली, उभी दुमडली आणि कडेने शिवून तिची लांब पोकळ नळी केली. तिच्यावर टिकल्या लावल्या. मग एकावर एक घड्या घालून चवड रचली आणि टाका मारून पक्की केली. नळी न कापता तशीच पुढे नेली, हातभर पट्टी मोकळी सोडली आणि पुढे दुसरी चवड रचली. मग तिसरी. अशा सात चवडी झाल्या आणि कापड मात्र एकच राहिलं. एका टोकाला मणी ओतायला तोंड ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला फिरकीचं दार. वरून अस्तर, त्यावर हिरवं कापड, तीही न कापता कडा आत दुमडून, आणि कुशीला चेन. झालो मी तयार.

तुम्ही म्हणाल, ताईने मधे बघितलं कसं नाही? मास्टर इस्त्री झाल्याशिवाय माल दाखवत नसत. गुरुवारी सकाळी इस्त्री करून, हँगरला लावून त्यांनी मला ताईच्या हातात दिलं. ताईने चेन उघडली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा! हे सगळं एकमेकांना जोडलंय! चवडी सुट्या हव्या होत्या. पुस्तकात सुट्या आहेत.”

“सुट्या करायला कापावं लागतं.”

“मग कापा ना!”

“माप?”

मला काखेत मारून ताई तरातरा निघाली. रस्ताभर तिचं काळीज धडधडत होतं. माझ्या कानाशीच होतं ते. म्हणजे मला कान नाहीत, पण तुम्हाला कळलं.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. ताईने मला टेबलावर पालथं घातलं, चेन उघडली आणि खणातून कागद कापायची कात्री काढली. मित्रांनो, ज्याच्यावर जन्मापासून कात्री चालली नव्हती, त्याच्या पोटाजवळ ती थंडगार पाती आली! माझ्या सगळ्या टिकल्या उभ्या राहिल्या. ताईने तिसऱ्या चवडीशेजारची पट्टी चिमटीत धरली आणि कच्चकन एक काप दिला. तेवढ्यात दारातून मोठ्या बाईंचा आवाज आला.

“चला, साहेब आलेत. वर्गात बसलेसुद्धा!”

कात्री टेबलावर पडली. पट्टी पुरती तुटली नव्हती, बोटभर भोक तेवढं पडलं होतं. ताईने तशीच चेन ओढली आणि मला घेऊन पळाली.

साहेब मागच्या बाकावर बसले होते. बाक सातवीच्या मुलांच्या मापाचा होता, त्यामुळे साहेबांचे गुडघे हनुवटीला लागत होते. मांडीवर वही आणि हातात पेन. ताईने मला फळ्याच्या खिळ्याला हँगरने अडकवलं. कोट टांगावा तसा मी टांगला गेलो आणि वर्गात खसखस पिकली.

“आज आपण... प्रकाश...” ताईने माझा हँगर सरळ केला. “प्रकाशसंश्लेषण...”

पुढे शब्द येईना. तिने चेन उघडली, घाईघाईने माझ्या तोंडात मणी ओतले आणि हाताने दाबत दाबत पुढे सरकवायला लागली. पहिली चवड भरली, दुसरी भरली, तिसरीपर्यंत मणी आले. फिरकीकडे सगळ्या वर्गाचे डोळे लागले. फिरकी ढिम्म! आणखी मणी ओतले. तरी ढिम्म. आणि मग खाली टप टप आवाज यायला लागला. माझ्या पोटातल्या भोकातून मणी गळत होते, कुशीतून बाहेर येत होते आणि फरशीवरून टणाटण उड्या मारत चालले होते. दोन मुलं बाकाखाली गेली. एक मणी घरंगळत घरंगळत थेट साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला. साहेबांनी मण्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ताईचा हात हळूहळू टेबलावरच्या पुस्तकाकडे गेला. मी मनात म्हटलं, संपलं! आता ही वाचणार. आणि याला कारण मी. माझ्या पोटात खड्डा पडला, शब्दशः.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. ती दिवसभर प्रश्न विचारायची, म्हणून पोरांनी तिचं नाव चौकशी ठेवलं होतं. तिने हात वर केला आणि कुणी हो म्हणायच्या आत विचारलंसुद्धा.

“बाई, मणी दारातून जातच नाहीयेत. भलतीकडूनच पळतायत. भोक आहे म्हणून फिरकी फिरत नाही का?”

ताई थबकली. तिने माझ्या पोटात हात घातला आणि तिचं बोट स्वतःच दिलेल्या कापावर पडलं. मग पुस्तकावरचा हात तिने उचलला आणि खांद्यावरच्या पर्सकडे नेला. पर्सच्या पट्ट्याला आतून दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची. मास्टरांच्या घरातलं माणूस सुईशिवाय बाहेर पडत नाही.

तिने पहिला टाका घातला. हात चालू झाले आणि माझी ताई बोलायला लागली.

“शाब्बास गं चौकशी! अगदी बरोबर बोललीस. आता सगळ्यांनी इकडे बघा. सकाळ झाली. पानावर ऊन पडलं. या टिकल्यांनी, म्हणजे हरितद्रव्याने, ते पकडलं. पाणी फोडलं. प्राणवायू गेला बाहेर, तो आत्ता तुम्ही नाकाने ओढताय. प्रोटॉन आत कोंबले. मरमर मेहनत झाली. आणि पडद्याला एवढंसं भोक! काय होईल?”

“मेहनत पाण्यात!” वर्ग ओरडला.

“पाण्यात! उन्हात उभं राहून झाड उपाशी. अरे, पडदा म्हणजे नुसतं झाकण नव्हे. आतली गर्दी आत ठेवायची आणि बाहेरचं मोकळं मोकळं ठेवायचं. एवढा फरक राखला तरच दारात रेटा येतो. फरक मिटला की फिरकी बंद, आणि फिरकी बंद की साखरही बंद.”

“मग बाई, पडदा इतका पातळ कशाला? जाडजूड करायचा ना!” ही चौकशीच.

“जाड केला तर तेवढ्याशा जागेत इतक्या घड्या कशा मावतील? आणि घड्या कमी झाल्या तर हरितद्रव्य बसवायचं कुठे, तुझ्या डोक्यावर? सतरंजी आणि ओढणी एका पेटीत घडी घालून बघ, कुठली जास्त मावते ते!”

वर्ग हसत होता. ताईही हसत होती. हात मात्र थरथरत होते, ते मला आतून कळत होतं, कारण सुई माझ्याच पोटात होती. सात टाके पडले. सातव्याला तिने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. दाताने दोरा तोडणारी शिक्षिका त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

मुलांनी बाकाखालचे मणी गोळा करून आणले. ते पुन्हा ओतले. तिसरी चवड भरली, चौथी, पाचवी, सहावी, सातवी. सगळं अंग माझं टरारून फुगलं. ताईने शेवटचा दाब दिला आणि काजातून मणी सुटले. फिरकी फिरली! अशी गरगर फिरली, की बक्रमचं एक पातं उडून फळ्यावर आपटलं. पोरांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला.

साहेब मोठ्या कष्टाने बाकातून सुटले आणि पुढे आले. माझ्या पोटात डोकावून म्हणाले, “बाई, या चवडी एकमेकींना जोडलेल्या कशा? पुस्तकात तर सुट्या आहेत.”

ताईला काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. तिने मारून नेली नाही.

“साहेब, सकाळी मलाही ती चूकच वाटली. मीच कापायला गेले होते. भोक माझंच आहे. पण आता असं वाटतं, की सुट्या असत्या तर एका तोंडातून ओतलेले मणी सातही चवडींत पोचलेच नसते. खरं काय ते मला ठाऊक नाही. बघून सांगेन.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तक मागितलं. प्रयोगशाळेचं भिंग आणवलं. चित्रावर भिंग धरून बराच वेळ न्याहाळलं, चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

“हा दोन चवडींच्या मधे शाईचा डाग आहे ना?”

“हो साहेब, आमच्या सगळ्या पुस्तकांत आहे,” चौकशी म्हणाली.

“डाग नाही हा. रेघ आहे. छपाईत पुसट झालीय.”

मोठ्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटातून जाडजूड पुस्तक आणलं, त्यावरची धूळ फुंकली आणि तिथेच उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सगळ्या चवडी मधल्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. सगळं मिळून एकच सलग पटल असतं आणि आतली पोकळीही एकच. चकत्या सुट्या नसतातच, एकाच पडद्याची ती घडीवर घडी असते!

“नमुना कुणी केला?” साहेबांनी विचारलं.

ताईने एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. “माझ्या बाबांनी. ते कपडे शिवतात.”

“कपडे शिवणाऱ्या माणसाला हे कळलं कसं?”

“कळलं नाही, साहेब,” ताई म्हणाली. “त्यांना माप मिळालं नाही.”

साहेबांना त्यातलं काही समजलं नसावं. पण त्यांनी शेरा लिहिला, ‘बाई पुस्तकाकडे बघतही नाहीत. कायम करावे.’

त्या संध्याकाळी ताईने दुकानात सगळं साग्रसंगीत सांगितलं. साहेबांचे गुडघे, शाईचा डाग, उडालेलं पातं, सगळं. फक्त कात्रीचं गाळलं. मास्टरांनी एकच विचारलं, “फिटिंग बरोबर बसलं?” ताई म्हणाली, “बसलं, बाबा.” मला सगळं ठाऊक होतं, पण मी चेन बंद ठेवली.

पुढची बारा-पंधरा वर्षं माझी चंगळ होती. दर वर्षी माझ्यात मणी भरले जायचे आणि फिरकी फिरायची. शेजारच्या शाळांत मी पाहुणा म्हणून जायचो. मग प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर हरितलवक आपोआप हलतं, रंग बदलतं आणि त्याला संगीतही आहे. त्यापुढे माझ्यासारख्या हँगरवाल्याला कोण विचारतो? मी कपाटात गेलो. मणी कुणीतरी माळ करायला नेले.

आणि मग मी शिपाईमामांच्या नजरेला पडलो. मामा मनाने चांगले, पण दुपारी त्यांना डोळा लागायचा आणि मानेखाली काहीतरी लागायचं. पहिल्याच दिवशी त्यांच्या गालावर माझ्या टिकल्यांचे गोल गोल ठसे उमटले. मामा घाबरून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काही चावलं का? मामा म्हणाले, ढेकूण असतील. त्यांनी आठ दिवस मलम लावलं आणि आठही दिवस माझ्यावरच झोपले! माझं वरचं कापड फाटलं, अस्तर उसवलं. मित्रांनो, मला वाईट वाटलं. उगाच खोटं का बोलू? ज्याच्या पोटात कधी काळी अख्खा वर्ग डोकावला होता, त्याच्यावर माणूस घोरत होता.

एके दिवशी मामांना इतकी गाढ झोप लागली, की मधल्या सुट्टीनंतरची घंटाच झाली नाही. सगळी शाळा मैदानात हुंदडत राहिली. एव्हाना ताई स्वतःच मोठ्या बाई झाल्या होत्या. कायम झालेली माणसं मोठी होतातच. ती तणतणत प्रयोगशाळेत आली.

“मामा! घंटा कुठेय? आणि हे काय आहे डोक्याखाली?”

“उशी आहे, बाई,” मामा डोळे चोळत म्हणाले.

ताईने मला उचललं, फाटक्या कुशीवरून हात फिरवला आणि शाळा सुटल्यावर दुकानात घेऊन आली.

मास्टर आता थकले होते. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. दुकानात यायचे ते सवयीने. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांनी नव्हे, बोटांनी तपासायला सुरुवात केली. पहिली चवड, दुसरी चवड. तिसरीजवळ त्यांचं बोट थांबलं.

“इथे कात्री लागलीय.”

जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने शाळा चिडीचूप व्हायची, ती ताई चौथीतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी राहिली.

“मी लावली होती, बाबा. त्याच दिवशी, तासाच्या आधी. तुमचं चुकलंय असं वाटलं मला. आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही.”

“माप घेतलं होतंस?”

“नाही.”

“हं.”

मास्टरांनी ब्लेड उचललं. वाकडी शिवण दिसली की ती उसवल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. एकदा त्यांनी बसमध्ये पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाची कॉलर उसवायला घेतली होती. त्यांनी ब्लेड टाक्यांजवळ आणलं. दोन बोटांनी पट्टी ताणून पाहिली. पुन्हा जोरात ताणून पाहिली. मग ब्लेड खाली ठेवलं.

“वाकडे आहेत,” ते म्हणाले.

“हात थरथरत होते, बाबा.”

“पण पक्के आहेत. राहू देत.”

मास्टरांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या टाक्याला बरं म्हटलं नव्हतं. ताई तिथेच स्टुलावर बसली. एकीकडे रडत होती आणि एकीकडे हसत होती. मास्टर तिच्याकडे न बघता सुईत दोरा ओवायला लागले. तो काही ओवला जाईना, तेव्हा ताईने त्यांच्या हातून सुई घेतली आणि मग दोघांनी मिळून माझं अस्तर शिवलं. शिवता शिवता ताई अखंड बोलत होती.

आता मी पुन्हा कपाटात आहे. मणी नवे आहेत, फिरकीला नवी पाती आहेत आणि कुशीवर मास्टरांनी लाल दोऱ्याने मोठ्या अक्षरांत शिवलंय, ‘उशी नाही’. मामा अजून दुपारी येऊन ते वाचतात आणि उसासा टाकतात.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. खिडकीतल्या कुंडीला पाणी घाला. पानं उगाच ओरबाडू नका, आत घडीवर घडी घालून फार मोठं काम चाललेलं असतं. जुनी वस्तू फाटली तर फेकण्याआधी एकदा सुईदोरा शोधा. आणि चुकून तुमच्याच हातून भोक पडलं, तर तेही शिवा. सगळ्या वर्गासमोर शिवावं लागलं तरी शिवा.

ते सात टाके अजून माझ्या पोटात आहेत. सातही वाकडे आहेत. पण त्यांच्यामधून आजवर एकही मणी गळलेला नाही.